हजर राहण्याचा कागद

बाबा, मागच्या मंगळवारी पोलिसाने घरी येऊन मला एक कागद दिला. शेजारणीशी नालीच्या पाण्यावरून वाद झाला, माझा धक्का लागून ती पडली, मनगट मुरगळलं. तिने चिखलीला जाऊन तक्रार दिली. शिपाई दारात दिसला तशी मी चुलीपुढून उठले, हात पुसले, चपला घातल्या. तो म्हणाला, "कुठं निघाल्या मावशी? अटक करून नाही राह्यलो तुम्हाले. ह्या तारखेले ठाण्यात हजर राहा, बस." मी म्हटलं, "मंग मले नेत काऊन नाही?" तो हसला. "लहान गुन्ह्यात आता नोटीस देतात. तिथली भाकर खायची हौस आहे का?" मी सही केली, तो गेला. तव्यावरची भाकरी तेवढी करपली.

कागद मी दोनदा वाचला. चौथीपुढचं वाचन मी एसटीच्या पाट्यांवर आणि किराण्याच्या पुड्यांवर शिकले. तुमचे जावई गेल्यापासून संध्याकाळी तेवढीच सोबत असते. कागदात लिहिलंय, बोलावलं की यावं. येत राहिलं तर अटक नाही.

तुमचाही गुन्हा एवढाच होता. बकरी दुसऱ्याच्या तुरीत शिरली, त्याने बांधून ठेवली, सोडवताना झोंबाझोंबी झाली आणि त्याचा हात दुखावला. तुम्हाला मात्र पारावरून सगळ्यांदेखत जीपमध्ये बसवलं. कोर्टाने जामीन दिला, पण जामीनदार शेतवाला हवा, सातबारा घेऊन येणारा. आपल्यात कुणाच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. ज्यांची होती त्यांना त्याच आठवड्यात कामं निघाली. आजी खाटेवर पडून विचारायची, "आला का माहा पोरगा?"

जामीन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आईने मला उंद्रीला, माझ्या शाळेतल्या गुरुजींच्या घरी पाठवलं. त्यांचं शेत होतं आणि ते तुम्हाला मानायचे. "गुरुजीले म्हण, सातबारा घेऊन चिखलीले चला, माह्या बाबाले सोडवाचं हाय." मी जाऊन आले. गुरुजी दिवाळीच्या सुट्टीत गावाला गेले, कधी येतील कुणाला माहीत नाही, असं सांगितलं. आई चुलीपाशी बसून राहिली.

तुम्हाला नेल्याच्या सातव्या दिवशी आजी गेली. लोणारकडून मामा एका शेतवाल्याला घेऊन आला, तुम्ही सुटलात ते दहाव्या दिवशी. राख सावडून झाली होती. तुम्ही रिकाम्या खाटेच्या पायथ्याशी बसलात. मला ते अजून दिसतं. तुम्ही बसलाय, आई पाणी देते आहे, तुम्ही तांब्या हातात धरलाय पण पीत नाही.

पुढे कित्येक वर्षं तुम्ही म्हणायचात, "गुरुजी तेवढे गावात असते तं झालं असतं." राग नसायचा त्यात. मी भांडी घासत राहायचे. सुट्टी संपली तरी मी शाळेत गेले नाही. तुम्ही विचारलंत, मी पोटदुखी सांगितली.

काल ठाण्यात बाकावर तासभर बसले, जबाब दिला, दुपारच्या एसटीने घरी आले. इतकं साधं असतं हे. येताना उंद्री लागलं. मी खिडकीबाहेर पाहिलं नाही.

हे पत्र नोटिशीच्या घडीत ठेवते आहे. तुम्ही आता नाही, दुसरीकडे कुठे ठेवणार?

गुरुजी घरी होते, बाबा. ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. शेजारी त्यांची मुलगी वेणी घालत होती, माझ्याच वर्गातली. तिच्यासमोर मला सांगवलं नाही. मी फाटकातूनच परत फिरले.