आत्याची गाठ आणि आमचा करंट

पुणे

बाबा,

प्रणालीचा तुम्हाला आणि आईला नमस्कार. मी मजेत आहे. मेसच्या आमटीत कोकम नसतं, एवढंच दुःख.

आमच्या प्रयोगशाळेत कॅन्सरची गाठ असलेल्या उंदराला आम्ही अगदी सौम्य वीज देत होतो. त्याची गाठ आकसली! तारा मी लावल्या होत्या. मॅडमनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं, तेव्हा तुम्ही तिथे हवे होतात.

हे मी रंगूआत्याला फोनवर सांगितलं आणि तिने स्वतःच्या गाठीचं ऑपरेशनच नाकारलं. म्हणते, "मी न्हाय कापून घेनार. उंदराला करंट देतीस, आन् सख्ख्या आत्याला न्हाय?" तिचा एवढा विश्वास बघून ऊर भरून आला, आणि भीतीही वाटली.

बाबा, आमचं काम अजून उंदरापुरतंच आहे. माणसापर्यंत यायला वर्षं लागतील, कदाचित जमणारही नाही. आत्याच्या छातीतली गाठ तोवर थांबणार नाही. डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू देऊ नका. तिला सांगा, घरातल्या पहिल्या पदवीधर पोरीचं हेच म्हणणं आहे.

आईचा गुडघा कसा आहे?

मी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी येते. आत्याला ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत मीच नेईन. वाटेत तिने मला हव्या तेवढ्या शिव्या द्याव्यात.

तुमची,
प्रणाली