भामोदखेडच्या विहिरी आणि गोदाबाईंचे नाव

घडले ते असे:

१. ऑक्टोबर २०२३ मध्ये पयोष्णी विद्यापीठाच्या समाजसेवा प्रकल्पात आम्ही दर्यापूर तालुक्यातील खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीखाली खारे पाणी असलेल्या, एकोणीस गावांत २१२ विहिरींचे पाणी तपासले. अहवालावर रसायनतज्ज्ञ म्हणून सही माझी आहे.

२. नमुने विहिरीच्या वरच्या थरातून घेतले. पावसाळा नुकताच संपला होता.

३. भामोदखेड येथील खुशालराव ठाकरे यांच्या विहिरीवर आम्ही हिरवा पट्टा मारला. त्याखाली 'पिण्यास योग्य' असे लिहिले आणि विद्यापीठाचे नाव घातले.

४. १८ फेब्रुवारी २०२४ रोजी खुशालरावांच्या मुलीचे लग्न झाले. सातशे माणसांचा स्वयंपाक गावच्या गोदाबाई इंगळे यांच्याकडे होता. पाणी त्याच विहिरीचे होते. आदल्या दिवशी दिवसभर मोटर चालली.

५. तुरीचे वरण शिजले नाही.

६. दोष गोदाबाईंवर आला. त्यानंतर त्यांना लग्नाचे एकही काम मिळालेले नाही.

७. दोष आमच्या पट्ट्याचा होता. हे मला मार्च २०२४ पासून माहीत आहे. गावात मी ते सांगितले नाही.

८. २३ जानेवारी २०२६ रोजी या प्रकल्पासाठी विद्यापीठाला समाजकार्याचा राज्यस्तरीय पुरस्कार मिळाला.

मी, आचल किशोर गावंडे, वय २८, शिक्षण एम.एस्सी. (रसायनशास्त्र), नोकरी नांदगाव पेठ येथील एका कापड कारखान्यात सांडपाणी तपासणीची, राहणार अमरावती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघाड हृदयाच्या एका झडपेत आहे आणि ती १६ मार्चला नागपुरात बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, धोका कमी आहे. कमी म्हणजे शून्य नव्हे, म्हणून हा कागद. तो कोणाच्या दबावाने किंवा भिडेने केलेला नाही, आणि याआधी मी असा कागद केलेला नाही. माझ्यामागे याची अंमलबजावणी माझा धाकटा भाऊ रोहित याने करावी. त्याला घाईने सही करायची सवय आहे. त्याने हा कागद दोनदा वाचावा.

कलम १. माझ्या नावावर घर नाही, शेत नाही. बँकेत जे असेल ते आई, कौशल्या किशोर गावंडे, हिला द्यावे. दर्यापूरच्या घरातले माझे लोखंडी कपाटही तिचेच. त्यातली पुस्तके रद्दीत घालू नयेत, असे मी तिला तीनदा सांगितले आहे. इथे चौथ्यांदा लिहिते.

कलम २. माझा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे यंत्र, भामोदखेडच्या जिल्हा परिषद शाळेला द्यावा. दर सहा महिन्यांनी तो नीट दाखवतो की नाही हे तपासावे लागते. त्या तपासणीचे द्रावण संपले असेल तर गोदाबाईंना बोलवावे. हे मी गमतीने लिहिलेले नाही. कारण पुढे येईल.

कलम ३. खुशालराव ठाकरे यांना माझ्याकडून एक किलो तूरडाळ आणि त्यांच्याच विहिरीच्या तळाचे दहा लिटर पाणी द्यावे. त्यांनी ते वरण स्वतः शिजवून पाहावे. लग्नाच्या आदल्या आठवड्यात गोदाबाई नेहमीप्रमाणे पाणी चाखायला गेल्या होत्या. खारपाणपट्ट्यात प्रत्येक विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. त्यामुळे लग्नाचे काम घेतले की त्या आधी गावातल्या सगळ्या विहिरींचे पाणी चाखतात आणि मग चुलाण, म्हणजे लग्नाची मोठी चूल, कुठे पाडायचे ते सांगतात. आधीची चाळीस वर्षे हे असेच चालले होते. त्या दिवशी खुशालरावांनी त्यांना आमचा हिरवा पट्टा दाखवला आणि म्हणाले, "बाई, विद्यापीठानं शिक्का मारून देला. आता तुमच्या जिभीचं काम संपलं." नंतर वरपक्षासमोर हेच खुशालराव म्हणाले की म्हातारीचा हात गेला. त्यांनी माफी मागावी अशी अट मी घालत नाही. फक्त डाळ शिजवावी.

कलम ४. शिशाचे वजन बांधलेली बारा मीटरची दोरी, बूच आणि बाटली प्रा. कुलदीप राऊत यांना द्यावी. ते प्रकल्पाचे प्रमुख होते. दोरी माझी असली तरी तिची युक्ती गोदाबाईंची आहे, हे त्यांना माहीत आहे. तरीही इथे नोंदवते.

मार्च २०२४ मध्ये विहिरी पुन्हा तपासायला गेलो तेव्हा मी खुशालरावांच्या विहिरीच्या काठावरून बाटली बुडवत होते. गोदाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मला थांबवले नाही. बाटली वर आल्यावर म्हणाल्या, "वरतं गोड हाये, बुडाले खार. तुमी सायी चाखून दुधाचा भाव करून राहिल्या." पावसाचे गोडे पाणी हलके असते, ते खाऱ्यावर तरंगते. हे मी पुस्तकात वाचले होते आणि परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. विहिरीच्या काठावर मात्र मला ते आठवले नव्हते. मोटर दिवसभर चालली की वरची गोडी निघून जाते आणि हंड्यात तळ येतो. वरण न शिजल्याचे मी गावात ऐकले होते; लग्नाच्या दिवशी तेच झाले होते. हे मला तिथे उभ्या उभ्या कळले. मी गप्प राहिले.

मग त्यांनी घरून एक पितळी चरवी आणली. तिच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबलेला होता, बोळ्याला वेगळी सुतळी. चरवी तळाला टेकेपर्यंत सोडायची, मग सुतळीला हिसका द्यायचा. बोळा निघतो आणि चरवी तळच्या पाण्याने भरते. हे त्यांना त्यांच्या सासूने शिकवले होते. आमच्या दुसऱ्या अहवालात पान ३१ वर याचे नाव 'द्विस्तरीय नमुना पद्धत' आहे.

कलम ५. स्टीलचे बारा पेले गोदाबाई इंगळे यांना द्यावेत.

हे पेले मी एप्रिल २०२४ मध्ये शाळेच्या ओसरीवर मांडले होते. कुलदीप सरांचे म्हणणे होते की चव म्हणजे मोजमाप नव्हे. माझेही तेच होते. बारा पेल्यांत बारा नमुने, खाली आकडे चिकटवलेले, यादी माझ्या खिशात. गोदाबाईंनी प्रत्येकातला घोट घेतला, थुंकला, मध्ये कोरडी भाकर चावली आणि पेले एका ओळीत लावले, कमी खाऱ्यापासून जास्त खाऱ्यापर्यंत. शेवटी दोन पेले त्यांनी जवळ सरकवले. "हे दोन येकाच इहिरीचे. येक आजचं, येक कालचं."

यंत्राची परीक्षा घ्यायला एकाच विहिरीचे दोन नमुने न सांगता मिसळायची पद्धत असते. मी तेच केले होते. त्यातला एक आदल्या दिवशीचा होता. ते सरांनाही माहीत नव्हते. मी यादी काढली. ओळीत एकही पेला चुकला नव्हता. आमच्या जीपचे चालक दाऊदभाई खांबाला टेकून पाहत होते. ते म्हणाले, "मॅडम, आता मशीन कोनाले म्हनायचं?" कुलदीप सरांनी चष्मा काढून पुसला आणि ओसरीच्या पायरीवर बसले. मी प्रयोगशाळेत सहा वर्षे काढली आहेत. थक्क हा शब्द मी कामाच्या कागदात कधी लिहिलेला नाही. इथे लिहिते.

कलम ६. पुढे विद्यापीठाने जे केले त्याबद्दलही तोच शब्द लागेल, आणि तो न लिहिणे अन्यायाचे होईल. दुसऱ्या फेरीत तीनशेच्या वर मुलामुलींनी रविवार दिले. वलगावच्या मुली पहाटेची बस धरून यायच्या, बाटल्यांची खोकी काळी-पिवळी जीपमध्ये मांडीवर घेऊन अकोल्याच्या प्रयोगशाळेपर्यंत जायच्या. २१२ विहिरींचे नमुने दोन थरांतून, वर्षातून तीनदा. आधीचे चुकलेले पट्टे त्यांनी स्वतः खरवडून काढले. मे महिन्यात, तारेच्या घासणीने. अकरा गावांनी पिण्याचे पाणी बदलले. कुलदीप सर सगळ्यांत आधी खरवडायला बसायचे. पुरस्कार योग्य हातांत गेला आहे, याविषयी माझी तक्रार नाही.

तक्रार पान ३१ विषयी आहे. तिथे लिहिले आहे: 'एका स्थानिक ज्येष्ठ महिलेच्या निरीक्षणावरून'. हे वाक्य माझे आहे. तक्त्यात जिभेसाठी रकाना नव्हता आणि पहिल्या अहवालावर सही माझी होती. नाव लिहिले असते तर लग्नाचेही लिहावे लागले असते. आम्ही विहिरींवरचा रंग बदलला, गावातले बोलणे बदलले नाही.

कलम ७. या महिन्याच्या ८ तारखेला मी भामोदखेडला जाऊन गोदाबाईंना हे सगळे सांगितले. त्या मेथी निवडत होत्या. निवडणे थांबले नाही. जुडी संपल्यावर म्हणाल्या, "चूक झाली थे ठीक. कोनाची बी व्हते. पन दोन सालं तू येऊन राहिली, माह्या हातचा चहा पिऊन राहिली, अन् बोलली नाही."

मी म्हटले, आता गावात सांगते. त्या म्हणाल्या, "तुह्या एकटीच्या सांगन्यानं काय होते? इहिरीवर नाव तुहं नोतं." मग ऑपरेशनची तारीख विचारली आणि जाताना डब्यात वरण दिले. ते चांगले शिजलेले होते.

कलम ८. विहिरींच्या मूळ नोंदींच्या नऊ वह्या माझ्या आहेत. पुरस्काराशेजारी काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी विद्यापीठाने त्या मागितल्या आहेत. त्या विद्यापीठाला द्याव्यात, पण दोन गोष्टी झाल्यावरच. एक: त्या कपाटावर 'तळाचे पाणी काढण्याची रीत व विहिरींची पारख: गोदाबाई इंगळे, भामोदखेड' असे लिहावे. दोन: विद्यापीठाने आपल्या नावाच्या कागदावर लिहून द्यावे की १८ फेब्रुवारी २०२४ च्या लग्नात वरण न शिजण्याचे कारण विद्यापीठाचा चुकीचा पट्टा होता, स्वयंपाकीण नव्हे. हे झाले नाही तर वह्या भामोदखेडच्या ग्रामपंचायतीला द्याव्यात.

कलम ९. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. म्हणून आरती बोबडे हिच्या नावावर इथे काही नाही. माझी छत्री तिने आधीच ठेवून घेतली आहे.

वरील मजकूर मी वाचला, बरोबर आहे.

सही: आचल किशोर गावंडे
ठिकाण: अमरावती
दिनांक: रविवार, २२ फेब्रुवारी २०२६

आचल गावंडे यांनी आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली:
१. आरती बोबडे, सहकारी, नांदगाव पेठ
२. दाऊद शेख, जीपचालक, दर्यापूर

प्रत: प्रा. कुलदीप राऊत, पयोष्णी विद्यापीठ, अमरावती.

सर, कलम ८ साठी माझ्या मरणाची वाट पाहण्याची गरज नाही. दोन्ही गोष्टी झाल्या की वह्या मी स्वतः आणून देईन. विद्यापीठाचे उत्तर, होय असो वा नाही, सोमवार, ९ मार्च २०२६ पर्यंत मिळावे ही विनंती. ते मला पाठवू नये. गोदाबाई इंगळे, मु. पो. भामोदखेड, ता. दर्यापूर या पत्त्यावर पाठवावे. त्यांना वाचता येत नाही, म्हणून ते ग्रामपंचायतीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले जाईल.