अकरा मांजरं आणि वडगलै शेजारी

श्रीरंगम, उत्तर वीथी
२१ नोव्हेंबर

चि. कोमळम् हिस अक्काचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू दुसऱ्या वाक्याला रडतेस आणि तिसऱ्याला मला गप्प करतेस, म्हणून हे पत्र. अक्षर तिरपं दिसेल. विसर्ग मांडीवर बसलाय. शेपटीखाली दोन काळे ठिपके घेऊन जन्मलेल्या बोक्याचं दुसरं काय नाव ठेवणार?

मंडळी आता अकरा झाली. शेवटचं पिल्लू टोपलीतून ओट्यावर ठेवताना एका फुलवाल्याला मी पकडलं. म्हणतो, "अक्का, तुम्ही तेंगलै ना? मग मांजर तुमचंच!" आप्पांनी जन्मभर याच ओट्यावर बसून आपलं तेंगलै मत सांगितलं, की मांजरी पिल्लाला मानेला धरून नेते तसा देव आपल्याला नेतो, पिल्लानं काही करायचं नसतं. गावानं त्यातून एवढाच बोध घेतला.

शेजारचे वरदाचारीमामा वैष्णवच, पण वडगलै पंथाचे. त्यांच्या मते देव म्हणजे माकडीण; पिल्लानंच घट्ट धरायचं. रोज सकाळी भिंतीपलीकडून विचारतात, "काय सेंगमलम्, उचललं का आज कोणी?" मी म्हणते, "तुमचे हात नाही ना भरून आले, मामा, लटकून लटकून?" दिवसाचं बोलणं एवढंच. बाकीचं मी मांजरांशी संस्कृतात बोलते. त्यांतली अव्यया आंधळी आहे. तिला ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

पाठशाळेत शिकवायला सध्या जात नाही. का, ते पुढे येईल, नाहीतर राहून जाईल.

तुझं पत्र पोचलं. पोंगलपर्यंत मांजरांची सोय लावायची आणि मी मद्रासला तुझ्याकडे यायचं; खोलीला फिकट निळा रंगही दिलास. मांजरांनी तुझा दमा उसळतो, हे का मला ठाऊक नाही? अम्माच्या श्राद्धाला आलीस आणि पानं वाढायच्या आत पंप तोंडाला लावून ओट्यावर जाऊन बसलीस. चार वर्षं झाली. त्यानंतर तू आली नाहीस आणि मी बोलावलं नाही. दोघींनीही मांजरांचं नाव पुढे केलं.

बरं, अक्षराचं खरं सांगते. विसर्ग अंगणात आहे. मी आडवी पडून लिहितेय. दिवाळीनंतर मागच्या अंगणात मांजरांना दहीभात घालताना शेवाळावरून घसरले आणि उजवा पाय मोडला.

पडल्यावर हाक मारायला हवी होती. भिंतीपलीकडे मामांचं सहस्रनाम चाललं होतं, शब्दन् शब्द ऐकू येत होता. मी हाक मारली नाही. कोणीतरी येईल, उचलेल, असं वाटत राहिलं. मला नेहमी तसंच वाटत आलंय, कोमळम्. मांजरांनी दहीभात संपवला, माझा हात चाटला आणि ती उन्हात जाऊन निजली. मला मानेला धरून उचलणारं त्यांत कोणी नव्हतं.

सहस्रनाम आटोपून मामांनी रोजचा प्रश्न टाकला. उत्तर नाही म्हणून पुन्हा टाकला. मग सत्तरीचे ते गृहस्थ सोवळ्यातच मागच्या दारानं आत आले, पाठोपाठ पट्टूमामी.

"गळ्यात हात टाक."

"मामा, तुम्ही सोवळ्यात आहात."

"सोवळं दुसरं नेसता येतं. धर घट्ट! आमच्यात पिल्लाला धरावं लागतं, फुकट नेत नाहीत."

"शास्त्रार्थ नंतर करा हो," मामी ओरडली, "तिचा पाय बघा!"

मी धरलं. मामांची मान अवघडेपर्यंत धरलं. रडले ती पायाच्या कळेनं, असं मामीला सांगितलंय. तुला सांगत नाही.

तर उत्तर असं. मी तुझ्याकडे येणार नाही. अव्ययेला हे घर पाठ आहे, दुसरं आता व्हायचं नाही. आणि बाकीच्यांना नेणार कोण? पण संध्याकाळी दिवा लावला की या घरात मला माणसाचा आवाज हवासा वाटतो. म्हणून काल मी पट्टूमामीकडे तुझ्यासाठी खोली मागितली. तिथे मांजर फिरकत नाही, मामी झाडू घेऊनच बसलेली असते. तू तिथे राहा. मी धुतलेली साडी नेसून, मामांना धरून त्यांच्या ओट्यावर येईन. आपण बसू. बोललंच पाहिजे असं नाही.

पोंगलपर्यंत थांबू नकोस. मला आत्ता हवी आहेस.

ये, असं पहिल्यांदाच लिहिणारी,
तुझी अक्का
सेंगमलम्