पलंगाजवळचं बटण

९ नोव्हेंबर, लातूर

आलो एकदाचे. सकाळी नांदेड सोडलं, जेवायला इथे. शिवांश गाडीत सबंध वेळ झोपला. दहा महिन्यांच्या पोराकडून आणखी काय हवं? मृत्युंजय हात धुऊन लगेच आडतीवर पळाला. सोयाबीनचा हंगाम आहे आणि मामंजी गेल्यापासून दुकान त्यालाच बघायचं आहे. त्यासाठी मी कॉलेजातली नोकरी सोडली. असो. आज कुरकुर करायची नाही असं ठरवलंय.

घर मात्र बघण्यासारखं आहे. मामंजींनी जाण्याच्या दोन वर्षं आधी खपून बांधलेला हा बंगला. छताला जांभळी नक्षी, खांबांना सोनेरी रंग, देवघरावर बारमाही दिवाळीच्या माळा. मोतीबिंदू काढल्यावर मामंजींना झगझगाट सोसेना, म्हणून सगळ्या घराचा उजेड एकदम कमी-जास्त करायची सोय केली. तीही चार ठिकाणांहून: फाटकापाशी, बैठकीत, जिन्याच्या वळणावर आणि माडीवर आमच्या पलंगाजवळ. बटण दाबून धरलं की उजेड उतरतो, टिचकी मारली की लख्ख होतो. बटणाच्या प्रत्येक पाटीवर चार ठिपके आहेत, एकेका जागेचा एक. शेवटचा हात जिथे लागला तो ठिपका लाल दिसतो. मुळात एवढे दिवे लावलेच कशाला, हा प्रश्न या घरात कुणाला पडलेला नाही.

सासूबाईंनी, म्हणजे सिद्धम्मांनी, चहाबरोबरच लिंगाचा विषय काढला. आमच्या लिंगायतांत मूल जन्मलं की स्वामी येऊन त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात. मी बांधू दिलेलं नाही. दिसेल ते तोंडात घालणाऱ्या पोराच्या गळ्यात दोरा आणि दगड? मोठा झाला की त्याचं तो ठरवेल. मामंजींना म्हणे नातवाला स्वतःच्या हातानं बांधायचं होतं, पण शिवांश जन्मायच्या महिनाभर आधी ते गेले. बैठकीतल्या फोटोत त्यांच्या गळ्यात लिंगाची चांदीची डबी दिसते, एका बाजूनं चेपलेली. ती तळहातावर ठेवूनच त्यांना रीतीप्रमाणे मातीत बसवून पुरलं, हे सासूबाईंनी आज मला तीनदा ऐकवलं. डोळ्याला पदर लावून. मी बिस्कीट खात होते.

११ नोव्हेंबर

दिवेलागणीला शिवांशला भरवत होते, तेवढ्यात उजेड उतरला. हळूहळू, कुणी पाटीवर अंगठा दाबून धरावा तसा. मी टिचकी मारली. लख्ख. टिचकी मारण्याआधी पाटीवर बघितलं होतं, फाटकाचा ठिपका लाल होता. सासूबाईंचा काटकसरीचा झटका, दुसरं काय! खाली जाऊन विचारलं, तर म्हणाल्या, म्या कशाला दाबू, म्या तर भाकरी थापून राहिले. पीठ लागलेले हात पुढे करून दाखवले. नाटकं सगळी.

१२ नोव्हेंबर

आज पुन्हा, त्याच सुमारास. फाटकाचा ठिपका. मी पुन्हा टिचकी मारली. मला अंधारात बसवून नरम करायचा विचार असेल तर म्हातारीनं माणूस चुकीचं निवडलंय.

१३ नोव्हेंबर

सासूबाई गुडघे धरत माडीवर आल्या आणि दार लावून माझ्यापुढे बसल्या. सांगू लागल्या की, तुझे सासरे आडतीवरून आले की फाटकातूनच उजेड उतरवायचे. म्हणजे मी आलो. पान वाढलेलं असलं की म्या आतून टिचकी मारायची, म्हणजे या. न्हाई मारली तर ते चौकात पानटपरीवर जाऊन बसायचे, या म्हटल्याबिगर पाऊल टाकायचे न्हाईत. ते गेले तरी फाटकातून उजेड उतरतोच. म्या गप बसते, ते माघारी जातात. आता तू रोज या म्हणून राहिलीस, मंजू.

मला हसू आवरेना. एम.एस्सी. होऊन मी हे ऐकत बसले होते. चाळीस वर्षं संसार करून नवऱ्याशी बोलायचं ते बटणातून, आणि तो मेल्यावरही संसार तसाच चालू! त्यांच्या देखत शिवांशचं बोट पाटीवर धरलं आणि टिचकी मारायला लावली. लख्ख उजेड झाला, पोरगं खिदळलं. दोनचारदा केल्यावर आपलं आपण मारायला लागलं. हुशार आहे, माझ्यावर गेलंय. सासूबाई कानांवर हात ठेवून उठून गेल्या.

१४ नोव्हेंबर

आज बैठकीचा ठिपका. शिवांशनं टिचकी मारली. मी खाली डोकावले, तर सासूबाई देवघरात जप करत होत्या. बैठकीत कुणी नव्हतं. फरशीवर मात्र माती सांडली होती. ओली. कामवालीच्या नावानं बोंब मारली, तर सासूबाई म्हणाल्या, ती आज आलीच न्हाई.

मृत्युंजयला सांगितलं. व्होल्टेज कमी-जास्त होतं म्हणाला आणि घोरायला लागला. व्होल्टेजला बटण दाबता येतं का, एवढं विचारायचीही सोय नाही. बापाच्या वळणावर गेलाय.

१५ नोव्हेंबर

सासूबाई माझ्यासमोर होत्या. माझ्या खोलीत. शिवांश त्यांच्या मांडीवर. उजेड उतरला.

जिन्याच्या वळणाचा ठिपका लाल.

म्हणजे त्या नव्हत्या. कधीच नव्हत्या. मी घाबरले आहे असं मी लिहिणार नाही. वायरिंग बिघडलं असेल. मामंजींनी स्वस्तातला माणूस गाठला असेल, जांभळी नक्षी करणाऱ्याकडून आणखी कसली अपेक्षा.

पण टिचकी मारली नाही. सासूबाईंनी शिवांशचे दोन्ही हात धरून ठेवले होते. आम्ही तिघं अंधारात बसून राहिलो. जिन्यातून विभूतीचा वास येत होता. मग गेला.

१६ नोव्हेंबर

स्वामींना उद्या सकाळी बोलावलंय. हो, मीच बोलवा म्हटलं. बांधा काय बांधायचं ते. सासूबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तेही निमूट सहन केलं. विधी आटोपला की शिवांशला घेऊन थेट नांदेड, मृत्युंजयनं यावं न यावं.

संध्याकाळ

सासूबाई खाली दूध तापवायला गेल्या आहेत. उजेड उतरला. जिन्याचंच वळण. मी टिचकी मारणार नाही. बसून राहायचं, बस्स. मग ते जातात. माणसं मेली तरी आडमुठी ती आडमुठीच, पण जातात —

शिवांशनं मारली.

पाठ फिरवली तेवढ्यात. लख्ख केलं आणि माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. मीच शिकवलं —

जिन्यात चपला. वर येतात. सासूबाई खालून ओरडताहेत, न्हाई म्हण, मंजू, न्हाई म्हण. कसं म्हणू? त्याला बटण कुठे आहे?

मृत्युंजयला फोन केला. निघालोय म्हणाला. तो येईपर्यंत लिहीत राहते.

शिवांशला मांडीवर घेतलंय. डावा हात पाटीवर झाकून धरलाय. घट्ट. आता कुणालाही दाबता येणार नाही.

दार उघडलेलं नाही. चपला थांबल्या.

शिवांश माझ्या खांद्यावरून मागे बघतोय. हसतोय. घ्या म्हणून हात वर —

उजेड उतरतोय. माझ्या हाताखाली. माझा हात दाबला जातोय, वरून, गार —

मामंजी, उद्या बांधणार आहोत. उद्या सकाळी. स्वामींना मी बोलावलंय, विचारा सासूबाईंना —

शिवांशच्या गळ्यात दोरा आहे. ओला. डबीला माती. एका बाजूनं चेपलेली —

दिसत नाही. चाचपून लिहिते. शिवांश गप्प. मांडीवर आहे, मी धरलंय, दोरा हाताला लागतो, पण पोराचं वजनच लागत नाही —