काच खाली करा

५ मे १९९७, सोमवार

लू सुरू. मोटरसायकलवर पालम ओलांडलं की भट्टीचं दार उघडल्यासारखी अंगावर येते. धूळ, डिझेलचा धूर, त्यात पुढच्या ट्रकवाल्यानं खिडकीतून पिंक टाकली, ती वाऱ्यानं सरळ माझ्या बाहीवर. शी! हे शहर म्हणे देशाची राजधानी.

सुनंदाला सरोजिनी नगरला तिच्या ऑफिसपाशी उतरवलं, तेव्हा डावा डोळा लालभडक. हिवाळ्यात तोंड वाकडं झालं होतं ते बरंचसं सुधारलं, पण हा डोळा अजून पुरता मिटत नाही. गॉगलच्या खालून वारा शिरतो. हेल्मेट घातलं की गुदमरते. बसच्या खिडक्यांना काचा नाहीत, म्हणजे तीच लू, वर धक्के.

संध्याकाळी चहा देताना म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत बघते. नाहीतर राजीनामा." चिडून म्हणाली असती तर भांडलो असतो.

तान्ह्या मिनूला सांभाळून परीक्षा दिली, माझ्या घरच्यांची बोलणी खाल्ली, तेव्हा मिळालेली नोकरी. ती सोडायची कशापायी, तर वाऱ्यापायी!

६ मे, मंगळ.

नोएडाला ऑफिसात त्यागी म्हणाला, "यार, विंडशील्ड लगवा ले. पुलिसवालों जैसी." इतके दिवस हे डोक्यात का आलं नाही? डोकं तापून खोबरं झालंय, म्हणून.

७ मे, बुध.

हाफ डे टाकून करोलबाग. बाइकच्या सामानाची दुकानं, प्रत्येक जण हात धरून ओढतो. शेवटी बिट्टू नावाच्या एकाकडे. तीन प्रकार दाखवले: काळी, बुटकी, आणि हनुवटीपर्यंत येणारी पांढरी स्वच्छ. काळीतून संध्याकाळी खड्डे दिसणार नाहीत. बुटकी बघून वाटलं, ही काय वारा अडवणार? मोठी घेतली. बिट्टू म्हणाला, "साहब, हवा छू भी नहीं पाएगी."

८ मे, गुरु.

हात दाखवून अवलक्षण.

मला वारा नाही, हे खरं. इतका नाही की घाम वाळेना. इंजिनाची ऊब काचेआड कोंडून बसते, शर्ट पिळून घ्यावा असा. पण धौलाकुआँच्या अलीकडे सु. खांद्यावर बुक्क्या मारायला लागली. थांबवली गाडी. ओढणी गळ्याशी गोळा, डोळ्यातून धार. वारा माझ्या डोक्यावरून चढतो आणि बरोब्बर तिच्या तोंडावर आपटतो. बिट्टू मेला खरंच बोलला, फक्त मला नाही शिवणार, एवढंच सांगायचं राहिलं.

"अहो, ही माझ्यासाठी आणलीत की तुमच्यासाठी?"

गाडीला किक मारली.

११ मे, रवि.

सोसायटीमागचा रुंद रस्ता. रस्ता आहे, दिवे आहेत, माणसं अजून यायचीत. आमचा पत्ता द्वारका, बसच्या पाटीवर पप्पनकलां, आणि नळाला दोन्ही नावांनी पाणी नाही. असो.

मिनूला मागे उशीवर बसवलं, म्हणजे आईइतकी उंच झाली. "झळा कुठे लागतात ते सांग."

"झळा म्हणजे?"

"लू गं बाई, लू!" दिल्लीत वाढलेलं कार्टं. झळा माहीत नाहीत, लागतात मात्र रोज.

काचेवर वाकून बसलो तर तिला वारा जास्त. ताठ बसलो, डोकं काचेच्या वर काढून वारा घेतला, तर कमी. "बाबा, तुम्ही फुगा ना जरा!" एवढंच, दुसरं काही नाही. काच बुटकी हवी. वारा मी खायचा, माझ्या पाठीआड सु. मोठी काच म्हणजे निव्वळ माझे लाड.

१७ मे, शनि.

लिहितानाही डोकं भणभणतंय.

बिट्टूकडे गेलो, रागातच. म्हटलं, "इसको खाली करो."

तो म्हणाला, "पूरा?"

"हाँ भई, पूरा. जितना हो सके." आणि सावलीत लस्सी प्यायला गेलो.

परत आलो तर हँडल बोडकं. काच नाही, नट नाहीत, पट्ट्या नाहीत. काच एका दूधवाल्याच्या मोटरसायकलवर बसून गेलीसुद्धा! मी ओरडलो. बिट्टू शांत. "साहब, आपने ही तो कहा, खाली करो. मैंने पूछा भी, पूरा?"

तेव्हा ट्यूब पेटली. खाली. त्यांच्याकडे खाली म्हणजे रिकामं! इतकी वर्षं दिल्लीत काढली, हिंदीत भाजी घेतो, हिंदीत भांडतो, आणि संताप आला की तोंडात आपली मराठी. स्वतःचीच किळस आली. हातानं उंची दाखवली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं बुटकी काच बसवून दिली.

घरी सांगितलं. सु. पोळ्या लाटत होती. आधी कळेना, मग लाटणं हातातच राहिलं आणि हसत सुटली. तोंडापुढे पदर न धरता. डावा कोपरा मागे राहतो, राहू दे. हिवाळ्यापासून हे तोंड उघडं बघितलं नव्हतं. मी आपला चिडलेलाच बसून राहिलो, पण बघत होतो.

मिनू ओरडली, "आई, कुकर खाली करू का?" परत दोघी खो-खो.

२१ मे, बुध.

बुटकी काच. माझ्या गळ्यापासून वर सगळी लू. ओठ फुटले, नाकात माती, त्यागी म्हणतो भूत दिसतोस. ताठ बसून पाठ भिंतीसारखी धरली. सु. माझ्या पाठीला कपाळ टेकून बसली होती. डोळा लाल, पण धार नाही. "कसं वाटलं?" म्हटलं, तर "बघू." या 'बघू'चा मला भयंकर राग आहे.

२६ मे, सोम.

आंधी. डोळे, कान, डबा, सगळ्यात धूळ. तिला औषध घालून झोपावं लागलं. ऑफिस बुडालं. काच काय कामाची? नुसतं पुढे लावलेलं शोभेचं तबक. थू.

३० मे, शुक्र.

महिनाअखेर. सकाळपासून विषय कोणीच काढला नाही. तिनं नेहमीसारखा डबा भरला, गॉगल घातला, पाठीमागे बसली. पूर्ण रस्ता माझं लक्ष वाऱ्याकडे नाही, पाठीकडे. कपाळ टेकलेलं होतं.

सरोजिनी नगरला उतरली. डोळा पुसला. लाल होताच, खोटं कशाला लिहू?

न राहवून विचारलं, "मग? सोमवारी?"

"सोमवारचं सोमवारी." काचेवर बोट ठेवून म्हणाली, "अजून दोन बोटं खाली घेतली तर बघा."

"उद्याच नेतो बिट्टूकडे."

दोन पावलं गेली, परत फिरली. "आणि अहो, त्याला 'नीचे' म्हणा."