क्लचचा दिवा आणि माझा हुकलेला सत्कार

चि. भाचीबाईस मामाचे आशीर्वाद (या खेपेला मोजकेच).

तू ठणठणीत असशीलच. माझा गुडघा खरचटलाय, आवाज बसलाय, आणि मामी म्हणते मी झोपेत दिवे विझवतो.

मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. क्लच म्हणजे काय हे अर्ध्या गावाच्या डाव्या पायाला मी शिकवलंय. अशा माणसाला त्याच्याच सत्काराला तुझ्या त्या दोन आसनी हेलिकॉप्टरने न्यायची हौस तुला आली, आणि मीही हुरळलो (मोटारीने वेळेत पोचलो असतो). निघतानाच समोर ‘क्लच’ लिहिलेला दिवा लागला. मी तुला सावध केलं. तू म्हणालीस, लागायलाच हवा. एक छोटी मोटर इंजिन आणि पंख्यामधले पट्टे ताणतेय, ताणून झाले की विझेल. विझला. वर गेल्यावर पुन्हा लुकलुकला. मी पुन्हा सांगितलं. तू म्हणालीस, पट्टे तापून सैल होतात, मोटर जरा आवळून घेते, क्षणभर लागणारच. म्हणजे लागला तरी काळजी नाही, एवढं मी शिकलो (शिकायला मी कधी लाजलो नाही) आणि भाषणाची उजळणी करू लागलो. तिसऱ्यांदा लागला तेव्हा मी शहाण्यासारखा चकार शब्द काढला नाही, आणि नेमकं तेव्हाच तू त्या मोटरच्या फ्यूजचं बटण खेचून यंत्र खाली न्यायला लागलीस. मी म्हटलं, अगं, हा लागला तरी चालतो ना? तर तुला सायकलपासून मोटारीपर्यंत सगळं शिकवणाऱ्या मामाला तू म्हणालीस, “मामा, गप्प बस. हा विझत नाहीये.”

गप्प बसलो. कोबीच्या शेतात उतरलो. शेतमालक काठी घेऊन आला, तर तू त्यालाच दिव्याचे प्रकार समजावत बसलीस, आणि मी सुटाबुटात चिखल तुडवत रस्ता गाठला. सभागृहात पोचलो तेव्हा खुर्च्या उचलत होते. माझं सन्मानचिन्ह समोरच्या गल्लीतल्या त्या स्कूलवाल्याने माझ्या वतीने घेतलं होतं (त्याच्या विद्यार्थ्यांना रिव्हर्स घेताना अजून देव आठवतो). वर तो माझ्याबद्दल चांगलं बोलला म्हणे. हे मी कसं सोसायचं, सांग.

यापुढे तुझ्या यंत्रात मी पाय ठेवणार नाही. कळावे, राग आहेच.

तुझा (नाइलाजाने) मामा

ता.क. आत्ता तुझ्या मेकॅनिकचा फोन आला. एक पट्टा निम्मा फाटलेला निघाला. तू तशीच पुढे गेली असतीस तर काय झालं असतं, हे त्याने मी न विचारता सांगितलं. पत्र फाडणार होतो, पण मामीने वाचलं आणि तिला फार पटलं, म्हणून पाठवतोय.

ता.क. २ मामी आत गेली. नवे पट्टे बसले की कळव, मी येतो. आणि एक कर. उतरायला मीच सांगितलं, असं मी सभागृहात उरलेल्या सगळ्यांना सांगून बसलोय. कुणी विचारलं, तर निदान नाही म्हणू नकोस.