सहा अंशांचा सूड

मंगळवार, ४ मार्च

आला! साडू आला. आपल्या पायांनी, माझ्या पत्र्याच्या शेडपर्यंत.

"गाडी पन्नासच्या वर गेली की दात वाजतात, साडूभाऊ."

म्हटलं, "दातांचा डॉक्टर पुढच्या गल्लीत."

हसला. हसणारच, गरज त्याला आहे. गेल्या वर्षी याच माणसाने स्वतःच्या गॅरेजात दहा जणांसमोर मला घरी बसवलं. "चार गाड्या थरथरत परत आल्या. चारही तुमच्या हातच्या. आता आराम करा." आराम! दोनच वर्षांनी मोठा आहे मी त्याच्यापेक्षा.

गाडी ठेवून घेतली. गोड बोलून.

बुधवार, ५ मार्च

गाडीखाली गेलो. चारही चाकं ओढणारी, चार इंच उचललेली. बॉडी उचलली की गिअरबॉक्स वर जातो, मागच्या चाकांमधलं हाउसिंग खालीच राहतं, आणि मधला शाफ्ट घसरगुंडीसारखा तिरपा होतो. मग हाउसिंगच्या तोंडाचा कोन नव्याने लावावा लागतो. मला काम शिकवणाऱ्या उस्तादांचा नियम – गिअरबॉक्सचं वरचं तोंड नि हाउसिंगचं खालचं तोंड समांतर. शाफ्टच्या एका टोकाचा क्रॉस, म्हणजे फिरता सांधा, जो हिसका देतो, तो दुसऱ्या टोकाचा क्रॉस गिळतो. तीस वर्षं हेच केलं. त्या चारांसारखी ही गाडीही त्याच्या गॅरेजात मीच लावली होती, अंश न् अंश बरोबर!

दोष त्या शाफ्टचा. साडूने हौसेने मागवलेला नवा प्रकार, त्या चारांतही हाच. वरच्या टोकाला एकाऐवजी दोन क्रॉस, शेजारी शेजारी. एका लग्नात दोन नवरे! सोबत माहितीचा कागदही होता. मी त्याला हात पुसले.

गुरुवार, ६ मार्च

रविवारी साडू बड्या गिऱ्हाइकांना घेऊन डोंगरावर जाणार. त्याची गाडी सगळ्यांच्या पुढे.

ठरलं! खालचं तोंड सहा अंश वर उचलायचं. समांतर-बिमांतर काही नाही – सरळ शाफ्टकडे टक लावून बघेल असं. खालचा कोन शून्य, म्हणजे वरचा हिसका गिळायला कोणी नाही. आधी आणखी थरथर, मग खडखडाट, मग क्रॉस तुटणार. दोरी बांधून ओढत आणतील. माणूस मरणार नाही, रुबाब मरेल. तेवढं पुरे.

शुक्रवार, ७ मार्च

स्प्रिंगच्या पाट्यांच्या आणि हाउसिंगच्या मध्ये लोखंडी पाचर बसवली. कोन मोजायला गाडी जमिनीवर, चाकांवर उभी केली. जॅकवर लटकणारी चाकं खोटं माप देतात, आणि फसवायचं तर मापात फसवावं! बोल्ट तीनदा आवळले. इतकं मन लावून सरळ कामही कधी केलं नसेल.

ही डबा घेऊन आली. "तुम्ही? आणि त्याची गाडी? मोठं मन आहे हो तुमचं."

मी शीळ घालत राहिलो.

शनिवार, ८ मार्च

साडूने गाडी नेली. "चक्कर मारून बघितलीत?" – "डोंगरावरच बघा, तिथे खरं कळेल."

रविवार, ९ मार्च

दिवसभर फोन मांडीवर. वाजला नाही.

"कुणाची वाट बघताय?" – ही.

"वाईट बातमीची."

हसली. तिला विनोद वाटला.

सोमवार, १० मार्च

साडू आला. मागे ओळीने त्याच चार गाड्या!

"नव्वदला पाण्यासारखी गेली, साडूभाऊ! गिऱ्हाइकांत एक इंजिनिअर होता. वाकून बघितलं नि म्हणाला, वर दोन क्रॉस असले की ते हिसका आपसातच मिटवतात, खालच्या तोंडाने फक्त सरळ शाफ्टकडे बघायचं. समांतर लावलं की थरथरणारच. ज्याने हे केलं तो माणूस सोडू नका म्हणाला. तुम्हाला घरी बसवलं, मीच चुकलो हो, माफ करा. या चारही तशाच करून द्या. आणि परत या."

मी जाणकारासारखी मान डोलावली. मग पहिल्या गाडीखाली गेलो आणि पाना हातात न घेता कितीतरी वेळ पडून राहिलो.